डब्याची बांबूची टोपी

माझ्या नाकावर राग असतो हे घरचे सांगतात, पण तो तिथं कायम मुक्कामाला कधी आला हे त्यांना ठाऊक नाही. जंगलखात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा आला. चोविसाव्या वर्षी माणसाच्या हाती शिक्का दिला, की त्याला वाटतं अख्खं जंगल आपल्याच सहीनं उगवतं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती, आणि चांद्याहून मोटारीनं दिवसभर आत गेलं की आमचा लाकडाचा डेपो लागायचा. मी वर्ध्याकडचा, मॅट्रिक झालेला. डेपोत माझ्याइतकं इंग्रजी फक्त साहेबाला येत होतं, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नव्हतो.

डेपोच्या टेकाडावर साहेबलोकांचा क्लब होता. क्लब म्हणजे एक कौलारू बंगला, चार वेताच्या खुर्च्या आणि मधोमध बिलियर्डचं भलंमोठं टेबल. ते टेबल इंग्रजांच्या काळात बारा बैलगाड्यांतून तुकड्यातुकड्यानं आलं होतं म्हणे. साहेब गेले, देशी साहेब आले. टेबल हललं नाही. त्याच्या पायांना वाळवी लागू नये म्हणून पाण्याच्या वाट्यांत ते उभं केलेलं असे, आणि वाट्यांत पाणी घालायचं काम मार्करचं.

मार्कर म्हणजे खेळाचे गुण फळ्यावर मांडणारा, चेंडू पुसणारा, काठ्यांच्या टोकांना खडू लावून देणारा माणूस. आमचे मार्कर पन्नाशी उलटलेले, सडपातळ, डोक्याला पांढरा रुमाल बांधणारे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला बाबूजी म्हणायचे. क्लबाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे संध्याकाळी मी तिथं असायचो आणि त्यांचा खेळ पाहायचो. एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही की तो भाऊंना म्हणे, चल, खेळ. भाऊ खेळत. आणि साहेबाहून थोडे कमी गुण करून हरत. किती कमी, हे त्या साहेबाच्या त्या दिवशीच्या मिजाशीवर असे. तीस वर्षं त्या माणसानं दुसऱ्यांचे गुण पुकारले होते. त्याचे स्वतःचे गुण कधी कोणी पुकारलेच नव्हते.

साहेबमंडळी जेवायला गेली की ते एकटे खेळत. मला बिलियर्डमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी भाऊ वाकून काठी मागे घेत तेव्हा माझी लेखणी आपोआप थांबे. काठी त्यांच्या हनुवटीखालून निघे, चेंडूला नुसती हात लावून आल्यासारखी परत येई, आणि चेंडू सांगितल्या कामाला जाई. इतकं नेटकं काम मी आमच्या कचेरीत उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

ती काठी, ज्याला ते क्यू म्हणत, त्यांची स्वतःची होती. जाणाऱ्या एका इंग्रज साहेबानं तडा गेलेली म्हणून टाकून दिलेली. भाऊंनी तडा सरसानं बसवला, वर्षभर वजन बांधून ती टांगून ठेवली आणि सरळ केली. तेव्हापासून ती भिंतीला टेकवून कधी उभी राहिली नाही. खिळ्याला दोरा बांधून लटकायची. टेकवली की वाकते, असं ते म्हणत.

अशात नागपूरहून पत्र आलं. नागपूर तेव्हा राजधानी होतं. तिथल्या एका मोठ्या क्लबानं मार्कर लोकांचाच सामना ठेवला होता. त्यांचा मार्कर आणि आमचा मार्कर, एका दिवसात ठराविक वेळेच्या दोन बैठका, सकाळी एक आणि दुपारी एक, दोन्हींचे गुण एकत्र धरायचे. पत्र मीच वाचून दाखवलं. भाऊ बराच वेळ टेबलाच्या वाट्यांत पाणी घालत राहिले. वाट्या कधीच भरल्या होत्या.

मग म्हणाले, "बाबूजी, मागं एक डाव असंच बोलावणं आलं होतं. जवान होतो. घोंगड्यात लपेटून मोटारीच्या टपावर काठी ठेवली. नागपूरले खोलून पाह्यतो तं धनुष्य."

"मग?"

"मंग काय? खेळलो. लोकं हासले." त्यांनी रुमाल काढून परत बांधला. "यावेळी सरळ पोचली पाह्यजे. बाकी माह्यं मी पाहून घेईन."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काठीची जबाबदारी माझी. कोणी मागितली नव्हती, मीच घेतली. भाऊंबद्दल मला वाटत होतं ते बोलून दाखवायची ही एकच रीत मला ठाऊक होती.

क्लबाच्या अडगळीत एक डबा पडला होता. काळ्या रंगाची पाच फूट लांब पत्र्याची नळी, वर बिजागरीचं झाकण, मध्ये धरायला कडी. कुठल्याशा साहेबाचा क्यूचाच डबा, पण दोन जाड काठ्यांसाठी केलेला. ओल्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभा राहून त्याचं बूड गंजून पार गळून गेलं होतं. भाऊंची काठी त्यात घातली तर ती घंटेच्या लोलकासारखी वाजायची.

भाऊंच्या अटी तीन होत्या. काठीचं जाड बूड खाली आणि चामडी टोक वरच राहिलं पाहिजे, टोकाला कशाचाही स्पर्श नको. काठी हलता कामा नये. आणि मध्येच कुठं दाब पडता कामा नये, नाहीतर प्रवासभर दाबली जाऊन ती वाकेल. मी म्हटलं, एवढंच ना?

आधी सावरीचा कापूस ठासून भरला. क्लबातली एक मोडकी काठी आत घातली, डबा लाकडाच्या बैलगाडीला बांधला आणि गाडी नाल्यापर्यंत पाठवून परत आणवली. कापूस सगळा तळाशी जाऊन बसला होता, काठी वर मोकळीच नाचत होती. मग डेपोच्या सुताराकडून आत बसतील अशा सागवानी कड्या करून घेतल्या. काठी तळाशी मनगटाएवढी जाड आणि टोकाला बोटाएवढी बारीक, म्हणून प्रत्येक कडीचं भोक वेगळं. सुताराचे तीन दिवस गेले. गाडी पुन्हा नाल्यावर गेली. यावेळी काठी हलली नाही, पण प्रत्येक कडीपाशी तिचं पॉलिश खरवडून निघालं होतं. भाऊंनी त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि मोडकी काठी परत अडगळीत ठेवून दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीच्या ओसरीवर तो डबा मांडीवर घेऊन आत चिंध्या कोंबत बसलो होतो. भाऊ शेजारी उभे होते, त्यांची काठी दोरीनं खांबाला लटकत होती. तेवढ्यात एक बाई बांबूची पावती घ्यायला आली. टोपल्या, सुपं विणणाऱ्या घरची. दर पंधरा दिवसांनी डेपोतून बांबू न्यायची, म्हणून तोंडओळख होती. वय चाळिशीचं असेल, हाताची बोटं सुरीच्या बारीक वणांनी भरलेली. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि हसली.

"बाबू, कोनाले कोंबून राह्यले एवढं?"

मी भडकलो. पावती लिहायची सोडून मी तिला आधी सुनावलं की हे साहेबी खेळाचं सामान आहे, यातलं तुला काय कळणार. 'तुला' म्हणालो. पुढं मी त्यांना अहोजाहो का करू लागलो, ते आता सांगतोच.

त्या रागावल्या नाहीत. भाऊंकडे वळून त्यांनी विचारलं, "भाऊ, काय कराचं हाये?"

भाऊंनी आपल्या तीन अटी सांगितल्या. मी मध्येच तोंड घालून चौथी जोडली, "आणि काही झालं तरी काठी बाहेर नाही आली पाहिजे! टपावरनं डबा पडला, उलटा झाला, तरी नाही!"

"काई झालं तरी?" बाईंनी मला विचारलं.

"काही झालं तरी."

बाईंनी काठी मागितली. ती काठी भाऊ कोणा साहेबालाही हाताळू देत नसत. आता त्यांनी स्वतःच दोरी सोडली आणि काठी बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती डोळ्यापाशी धरली, एक डोळा मिटून बुडापासून टोकापर्यंत पाहिलं. "सरळ हाये," त्या म्हणाल्या. मग बांबूची एक पातळ कामटी काढून काठीला पाच ठिकाणी गुंडाळली, प्रत्येक ठिकाणी नखानं खूण केली, डबा खांद्यावर टाकला आणि गेल्या. पावती विसरल्या. मीही द्यायची विसरलो.

आठवड्यानं बोलावणं आलं. मी एकटाच गेलो, भाऊ क्लबात अडकले होते. झोपडीच्या मागे त्या बसल्या होत्या आणि डबा चटईवर आडवा होता. मी आत वाकून पाहिलं आणि खरं सांगतो, थक्क झालो.

धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, पाणी वाहून जातं त्या तोंडाशी तिकडे मासे धरायचा बांबूचा सापळा लावतात. आत शिरायच्या वाटेवर कामट्यांचं नरसाळं असतं, रुंद तोंड बाहेर आणि निमुळतं आत. मासा कामट्या बाजूला सारत आत जातो. परत फिरला की त्याच कामट्या मिटतात. बाईंनी तसली तीन नरसाळी विणून डब्याच्या आत एकामागे एक बसवली होती. कामट्या उकडून, तासून, तेल पाजून इतक्या मऊ केल्या होत्या, की गालावरून फिरवल्या तरी टोचू नयेत, आणि प्रत्येकीच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. काठी कुठं जाड असो, कुठं बारीक, प्रत्येक नरसाळं तिच्या अंगाप्रमाणे उघडणार आणि सगळीकडून सारखं धरणार. ना दाब, ना खडखड. सुताराची सागवानी अक्कल आणि माझं मॅट्रिक, दोन्ही ओसरीवरच राहिली.

बुडाशी, जिथला पत्रा गळून गेला होता, तिथं त्यांनी बांबूचीच घट्ट विणीची टोपी केली होती. दोरीनं कडीला बांधलेली.

"बाबू, नीट आयका," त्या म्हणाल्या. "तोंडानं घालाची, शेपटानं काढाची. मागची टोपी सोडली का काठी मागून निघते. तोंडाकडून वढाची नाई."

मी ऐकलं. कानांनी ऐकलं, शब्द अन् शब्द आजही आठवतो. पण तेव्हा मी मोटारीच्या वेळेकडे पाहत होतो, आणि मनात म्हणत होतो, काठी घातली तशी निघेल, त्यात काय सांगायचं? त्यांनी एक काठी घालून, मागून काढूनही दाखवली. मी 'हो हो' म्हणत डबा उचलला.

कारण माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. ती टोपी. एवढा काळा चकचकीत साहेबी डबा, आणि खाली टोपलीचं बूड! नागपूरच्या क्लबात भाऊंच्या हातात हे दिसलं तर तिथले लोक पुन्हा हसतील. कचेरीच्या कामानं मी त्याच दिवशी चांद्याला निघालो होतो. तिथं एका पत्रेवाल्याकडून नव्या पत्र्याचं गोल बूड झाळून घेतलं, पक्कं, पाणी शिरणार नाही असं. वर काळा रंग दिला. बांबूची टोपी त्याच्याच दुकानात सोडून आलो. परत येताना डबा मांडीवर घेऊन बसलो आणि स्वतःवर फार खूष होतो.

भाऊंनी डबा पाहिला. "टोपी होती म्हणे. कुठी गेली?"

"साहेबांपुढे बरी दिसत नव्हती, भाऊ."

त्यांनी बोटानं नवं बूड वाजवलं. "मजबूत हाये," म्हणाले. निघायच्या सकाळी त्यांनी काठी जाड बुडाकडून आत सोडली. तिन्ही नरसाळी सुर्रकन उघडली, काठी तळाला टेकली, टोक झाकणाखाली चार बोटं मोकळं राहिलं. भाऊंनी डबा हलवला, उलटा केला, कानाशी धरला. आवाज नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू आलं. मी म्हटलं, एकदा काढून पाहायची का? ते म्हणाले, "नाई बाबूजी. काठी एकदा निजवली का टेबलापाशीच उठवाची." मार्कर लोकांची ती रीत होती. मलाही घाई होती.

चांद्यापर्यंतची मोटार काय वर्णावी! रस्ता कमी, खड्डे जास्त. टपावर मोहाची पोती, आत कोंबड्या, आणि दर नाल्याला उतरून ढकलायची. डबा भाऊंनी दोन्ही पायांमध्ये उभा धरला होता. चांद्याला रात्र काढली, मग आगगाडीनं नागपूर. वाटेत भाऊ एकदाच बोलले. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिथं फळ्यावर कोन राहीन? मार्कर तं दोघंबी खेळत राहू."

उत्तर तिथं गेल्यावर कळलं. फळ्यापाशी नागपूरचे एक मोठे साहेब स्वतः उभे होते, कोटाच्या बाह्या सारून. आज मार्करचे गुण साहेब पुकारणार होते. भाऊंनी ते पाहिलं आणि डोक्याचा रुमाल नीट केला. टेबलाच्या हिरव्या बनातीवर दिवे पेटले होते, भोवती तीस-चाळीस लोक. समोरचा मार्कर पुढे आला, त्यानं भाऊंना वाकून नमस्कार केला. भाऊंनी डब्याचं झाकण उघडलं, टोकाखाली दोन बोटांनी काठी धरली आणि वर ओढली.

काठी आली नाही.

त्यांनी हलकेच फिरवून पाहिली. आणखी थोडं ओढलं. आत कामट्या मिटल्याचा बारीक आवाज आला. जितकं ओढावं तितक्या त्या घट्ट होत होत्या. मी पुढे धावलो, काठी हिसडणार, तोच भाऊंनी माझं मनगट धरलं. त्या सडपातळ माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"वढू नका, बाबूजी. मोडंल."

आणि त्याच क्षणी मला बाईंचा आवाज ऐकू आला. तोंडानं घालाची, शेपटानं काढाची. शेपूट मी बंद केलं होतं. 'काही झालं तरी बाहेर नाही आली पाहिजे' असं मीच म्हणालो होतो, आणि त्या बाईंनी माझा शब्द जसाच्या तसा पाळला होता. वर सुटकेची वाटही ठेवली होती. ती मी पैसे देऊन झाळून घेतली होती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. भाऊंनी डबा माझ्या हातात दिला, भिंतीशी लावलेल्या काठ्यांतून क्लबाची एक काठी उचलली, तोलून पाहिली, आणि खेळायला उभे राहिले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी डबा उराशी धरून बाहेर पळालो.

नागपूरच्या बाजारात एक पत्रेवाला सापडेपर्यंत तास गेला. तो म्हणाला, झाळ आहे ना, शेगडीवर धरतो, दोन मिनिटांत सुटेल. मी हो म्हणणारच होतो. पण यावेळी, आयुष्यात पहिल्यांदा असेल, मी थांबलो. आपल्याला यातलं कळत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं होतं. पत्रेवाल्याला हत्यारांसकट टांग्यात घातलं आणि क्लबात आणलं.

सकाळची बैठक संपत आली होती. परक्या काठीनं भाऊ खेळत होते. हात तोच, वाकणं तेच, पण चेंडू ऐकत नव्हता. दर वेळी केसभर इकडे नाहीतर तिकडे. साहेबांनी गुण पुकारले. भाऊ सत्तर गुणांनी मागे होते. कोणीतरी मागे हसलं. मला त्या हसणाऱ्याच्या अंगावर जावंसं वाटलं, आणि मग वाटलं, आधी स्वतःच्या अंगावर जावं.

व्हरांड्यात मी भाऊंना सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या होत्या, मी काय केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग एवढंच विचारलं, "मागून निघते म्हनली?"

"हो."

"मंग निघंल." ते पत्रेवाल्याकडे वळले. "आग नाई लावाची, भाऊ. सरस सुटंल. छिन्नीनं काप, हळूहळू."

पत्रेवाल्यानं बूड गोल गोल कापत नेलं. भाऊ डबा धरून बसले होते, छिन्नीचा प्रत्येक ठोका आपल्या तळहातावर झेलत. त्यांनी जेवणाला हात लावला नाही. शेवटी पत्र्याची चकती खाली पडली. भाऊंनी काठीचं बूड धरलं आणि मागून ओढलं. ती इतक्या अलगद आली, की त्यांना ओढल्यासारखंही वाटलं नसेल. एक ओरखडा नाही. त्यांनी ती डोळ्याला लावली, मग आत जाऊन टेबलावर ठेवून बोटानं लोळवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी शांतपणे लोळत गेली. एवढ्या खड्ड्यांतून, दोन दिवसांच्या हिसक्यांतून, ती खिळ्याला लटकल्यासारखी सरळ आली होती.

दुपारी भाऊ जे खेळले ते मी विसरणार नाही. आमच्या क्लबात ते हरायच्या बेतानं खेळत, म्हणजे आजवर मी त्यांचा अर्धाच खेळ पाहिला होता. आता ते पुरते खेळले. टेबलाभोवती सावकाश फिरायचे, वाकायचे, आणि चेंडू त्यांना पाहिजे तिथं जाऊन उभा राहायचा. सकाळी हसलेला माणूस खुर्ची सोडून उभा राहिला. फळ्यावरचे साहेब मोठ्यानं गुण पुकारत होते, आणि दर वेळी भाऊंची मान किंचित वाकायची, कोणी नावानं हाक मारल्यासारखी. तीस वर्षांत त्यांनी ती हाक ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

त्या बैठकीत भाऊ एकोणसाठ गुणांनी पुढे गेले. मग वेळ संपली. सकाळचे सत्तर वजा जाता सामना अकरा गुणांनी गेला.

समोरच्या मार्करनं भाऊंचे पाय धरले. साहेबांनी हात मिळवला. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी कोपऱ्यात बूड नसलेला डबा धरून उभा होतो. अकरा गुण. ते समोरच्यानं घेतले नव्हते, भाऊंनी गमावले नव्हते. ते मी चांद्याच्या बाजारात देऊन आलो होतो, साहेबांपुढे टोपली दिसू नये म्हणून. परतीच्या वाटेवर मी तीनदा माफी मागायला तोंड उघडलं. तिन्ही वेळा भाऊंनी काहीतरी दुसरंच दाखवलं, एकदा पळसाचं झाड, एकदा स्टेशन, एकदा नुसताच ढग.

डेपोवर उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. सरळ बाईंच्या झोपडीकडे गेले. मी मागोमाग.

बाई सूप विणत होत्या. त्यांनी विणणं थांबवलं नाही. "काठी वाकली नाई ना, भाऊ?"

"नाई."

"शेपटानं काढली ना?"

"शेपटानंच काढली, बाई," भाऊ म्हणाले.

शब्दन् शब्द खरा होता. त्या एका वाक्यात त्यांनी बाईंचं कामही राखलं आणि माझी अब्रूही. मी तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर निभावून गेलं असतं. पण बाईंनी डबा जवळ ओढला आणि छिन्नीनं कापलेल्या कडेवरून वणांनी भरलेलं बोट फिरवलं.

"हे तोंड कोनं बंद केलं होतं?"

"रस्त्यात जरा..." भाऊ सुरू झाले.

"मी," मी म्हणालो. "तुमची टोपी मला बरी दिसली नाही, बाई. म्हणून पत्रा झाळून घेतला. काठी निघाली नाही. भाऊ अकरा गुणांनी हरले ते माझ्यामुळे."

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, शिव्या देतील. त्या दिवसांत मला कोणी शिव्या देत नसे, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबू, मासा असता तं आतच मेला असता. लाकूड होतं म्हणून वाचलं."

भाऊ हसू लागले. आधी हळू, मग रुमाल तोंडाला लावून, मग रुमालही खाली पडला. त्या माणसाला मी कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं आणि त्याच दमात रडूही.

बाईंनी तिथंच कामट्या काढल्या आणि नवी टोपी विणायला घेतली. सुरी अंगठ्याच्या टोकाशी थांबायची, कामटी दोन सारख्या धाग्यांत फुटायची, बोटं न पाहता विणत जायची. मी समोर बसून पाहत होतो. भाऊ चेंडू मारतात आणि बाई कामटी फाडतात, हे दोन्ही हात एकाच शाळेतले आहेत, हे मला त्या दुपारी दिसलं. ती शाळा माझ्या मॅट्रिकच्या फार पुढची होती. पावत्यांवर सही करणारा जो बाबू मला रोज आरशात दिसायचा, तो मला तेव्हा फार लहान वाटला.

टोपी झाली. बाईंनी ती डब्याला बसवली, दोरी बांधली, भाऊंकडून काठी घेऊन तोंडाकडून आत सोडली. मग डबा भाऊंना न देता माझ्यापुढे केला.

"आता तुमी काढा."

पुढं भाऊंना नागपूरहून बोलावणं कधी आलं नाही. राज्य बदललं, राजधानी गेली, मोठे साहेब पांगले. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दोरी सोडली. बांबूची टोपी काढून मांडीवर ठेवली. काठीचं बूड धरलं आणि मागून ओढलं. ती अलगद माझ्या हातात आली.

भाऊंची काठी पहिल्यांदाच माझ्या हातात होती. मी ती त्यांच्याकडे द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. डोळ्याकडे बोट दाखवलं. मी एक डोळा मिटला आणि बुडापासून टोकापर्यंत पाहिलं.

"कशी हाये?" बाईंनी विचारलं.

"सरळ आहे," मी म्हणालो.